क्लावे जागेवर होती

“ह्या कोण धरणार?” डिमेलो सरांनी दोन काठ्या टेबलावर टाकत विचारलं.

वीतभर लांब, अंगठ्यापेक्षा जाड, काळपट लाकडाच्या काठ्या. रंग नाही, नक्षी नाही. माझा धाकटा भाऊ शमुवेल, म्हणजे आमचा शमू, ड्रमसेटच्या मागे स्टुलावर आधीच जाऊन बसला होता. त्याने त्या काठ्यांकडे असं पाहिलं, जसं ताटात पहिल्यांदाच वाढलेल्या भाजीकडे पाहतात.

“सर, मी ड्रम शिकायला आलोय. काठ्या आपटायला नाही.”

“तू नाय रे धरायच्या. तू वाजवशील तेव्हा दुसऱ्या कुणीतरी धरायला पायजे. ही क्लावे. ही चालू असली तर हा ठेका. नसली तर नुसता गोंगाट.”

सरांनी हॉलभर नजर फिरवली. मिरजेच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचा तो हॉल दुपारी ओस असायचा. त्या दिवशी तिथे आम्हा तिघांशिवाय कॅरमबोर्डावर झोपलेलं एक मांजर होतं.

“ताई धरेल,” शमू म्हणाला. माझ्याकडे न बघताच म्हणाला.

मी तिथे काही शिकायला गेले नव्हते. शमूने आधी टायपिंगचा क्लास बुडवला होता, मग आयटीआय बुडवलं होतं. म्हणून पप्पांनी मला पहारेकरी म्हणून पाठवलं होतं. तो खरंच शिकतो की स्टेशनवर चकाट्या पिटतो, ते बघायला. मी चोवीस वर्षांची, सकाळी रुग्णालयाच्या लॅबमध्ये काचपट्ट्या धुवायची आणि दुपारी रिकामी. तो एकवीसचा. साल शहाऐंशी.

आमच्या घरात काहीही धरायचं असलं की मलाच बोलावत. पप्पा आमच्या चर्चच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवायचे, आणि सातव्या वर्षापासून त्यांच्या शेजारी बसून टाळ मी धरायचे. शमूला पप्पांनी ढोलकी दिली, मला टाळ. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पोरीच्या मांडीवर ढोलकी कुणी ठेवतं का?

मी काठ्या उचलल्या. सरांनी माझी डावी मूठ अर्धवट मिटवली, खाली पोकळी राहील अशी, आणि वर एक काठी आडवी ठेवली. दुसरीने तिच्यावर मारायचं. नीट बसलं की आवाज कोरडा आणि खणखणीत येतो.

“तीन, मग दोन,” सर म्हणाले आणि तोंडाने म्हणून दाखवलं. “टक्... टक्... टक्. आणि मग, टक् टक्. परत तीन. परत दोन. आयक, आता महत्त्वाचं. गाणं तीन-दोनाने सुरू झालं की शेवटपर्यंत तीन-दोनच. कुणी चुकलं, पडलं, मेलं, तरी क्लावे फिरायची नाय. भांडण झालं तर क्लावे म्हणते ते खरं.”

डिमेलो सर तरुणपणी प्रवासी बोटींवर बँडमध्ये होते. तिथे त्यांच्या बाजूला एक क्युबाचा माणूस वाजवायचा. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी त्या बेटावर वाढवलेला हा ठेका सर त्याच्याकडून शिकले होते. म्हातारपणी जावयाच्या नोकरीपायी मिरजेला येऊन पडले आणि इन्स्टिट्यूटच्या धूळ खात पडलेल्या ड्रमसेटवर पोरांना लग्नाच्या वरातीतली गाणी शिकवू लागले. पण त्यांचा जुना दोस्त अल्वारिस पुण्यात एका परदेशी बोटीसाठी बँड उभा करत होता. त्याला ड्रमवाला हवा होता, आणि रोज संध्याकाळी बोटीवर तास-दीड तास हाच क्युबाचा ठेका वाजवायचा होता. चार महिन्यांनी परीक्षा. सरांना मिरजेत शमूचा हात त्यातल्या त्यात बरा वाटला.

बोट! आमच्या गल्लीतला कुणी सांगलीच्या पुढे गेला तरी त्याला निरोप द्यायला दहा माणसं स्टेशनवर जायची. शमू बोटीवर जाणार म्हटल्यावर आईने आत्तापासूनच स्वेटर विणायला घेतला.

ठेका मात्र शमूला दाद देईना. उजव्या हाताने ड्रमच्या कातड्यावर नव्हे, त्याच्या लाकडी अंगावर एक सलग नक्षी वाजवायची. पायाने मोठा ढोल, तोही ठोक्यावर नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत. आणि या सगळ्याच्या वर माझी क्लावे. क्लावेच्या दोनाच्या बाजूला पहिली मात्रा चक्क रिकामी असते. जिथे पप्पांनी आम्हाला जन्मभर सम दाखवली, तिथे काहीच नाही. शमूचा हात तिथे हटकून आदळायचा.

घरी पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, “सम न्हाई? मग ते वाजवणं कसलं रं? ते मोकाट सुटलेलं वासरू.”

“तसंच असतंय तिकडं, पप्पा.”

“असंल. पर आपण माणसासारखं वाजवायचं. शेवटी एक तिहाई घालायची आन् धाडकन समेवर यायचं. लोकांनी टाळ्या न्हाई वाजवल्या तर नाव सांगू नको.”

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्याच्या शेवटी बरोबर समेवर येऊन पडायचं. पप्पांची तिहाई आमच्या चर्चमध्ये नावाजलेली होती. शमूने ती उचलली होती, आणि सर जिथे म्हणून त्याला मोकळं सोडायचे तिथे तो ती ठोकायचा. ती एक तर आखूड पडायची नाही तर लांब, आणि बाहेर येताना तो क्लावेच्या उलट्या बाजूला उभा असायचा. मी तीन वाजवत असायचे, त्याचं दोन चाललेलं असायचं.

“परत तिहाई!” सर कपाळावर हात मारायचे. “अरे बाबा, हे चर्च नाय. इथे शेवट करायचा नसतो. इथे फक्त चालू ठेवायचं असतं.”

शमू दोन दिवस सुधारायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

मी मात्र बसल्या जागी शिकत होते. ते कसं झालं मला सांगता येणार नाही. रोज दोन तास क्लावे धरून बसलं की समोर चाललेलं आपोआप आत उतरतं. लॅबमध्ये काचपट्ट्या धुताना माझा उजवा हात ती नक्षी वाजवत असायचा आणि चपलेतला पाय फटीतला ठोका द्यायचा. रिकाम्या जागेची मला भीती वाटत नव्हती. सतरा वर्षं टाळ धरलेल्या बाईला आपण नसलेल्या जागा चांगल्या माहीत असतात.

दीड महिना झाला असेल. एका दुपारी शमू आलाच नाही. हॉल उघडा होता, सर यायचे होते. मी स्टुलावर बसले. साडीचा घोळ गुडघ्यात धरला, पायाखाली मोठ्या ढोलाचं पेडल चाचपलं आणि सुरू केलं. क्लावे डाव्या हाताने ड्रमच्या कडेवर, नक्षी उजव्याने, खाली पाय. पहिल्यांदा हळू. मग सरांच्या गतीत. मग त्याच्याही पुढे. आयुष्यात कधी इतकं सोपं काही वाटलं नव्हतं. मी हसत होते हे मला नंतर गाल दुखले तेव्हा कळलं.

थांबले तेव्हा सर दारात उभे होते. टोपी हातात.

“कुणी शिकवलं?”

“तुम्हीच.”

“मी तुला नाय शिकवलं. मी त्याला शिकवलं.”

“मी पण इथेच बसते, सर.”

ते येऊन खुर्चीवर बसले. मग म्हणाले, “बाय, त्याला जमवावं लागतं. तुझ्याकडे आहे. हे मी तीस वर्षांत दोघांबद्दल बोललोय. तू तिसरी.”

मी धीर करून म्हणाले, “मग अल्वारिस सरांना माझं नाव सांगा ना.”

“बोटीवर? पोरगी ड्रमवर? माझं हसं करतील ते.”

“विचारून तरी बघा.”

“तुझे पप्पा पाठवतील तुला? सांग.” मी स्टुलावरून उतरले. सर उठले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तू त्याला तयार कर. घरातल्या एकाचं तरी होऊ दे.”

दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, ते इथे मला लागू नव्हतं. चणे समोरच होते. ते भावाला भरवायचे होते.

त्या रात्री जेवताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “आज मी बसून बघितलं ड्रमवर.” पप्पांनी भाकरी मोडली. आई म्हणाली, “कुणी बघितलं तर न्हाई न्हवं?” शमू हसला, “मोडला न्हाईस ना काई?” आणि विषय संपला.

मग मी त्याला तयार केलं. खोटं कशाला बोलू, मनापासून केलं. घरी पाटावर त्याचा हात धरून नक्षी बसवली. “एक सोडून दे, शमू. तिथे श्वास घे. तिथे काई वाजवू नको, नुसता श्वास घे.” त्याला ते पटलं, आणि महिन्याभरात ठेका खरोखरच बसला. सर खूश झाले, पप्पा खूश झाले. शमू गल्लीत सांगायचा, “मला एक युक्ती सापडली, तिथे श्वास घ्यायचा.” मी ऐकायचे. सापडली तर सापडली.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघे सकाळच्या गाडीने पुण्याला गेलो. अल्वारिसचा काठ्या धरणारा माणूस आधीच बोटीवर रुजू झाला होता, म्हणून सरांनी पत्राने कळवून ठेवलं होतं की क्लावे आम्ही घेऊन येतो. क्लावे म्हणजे मी. कॅम्पातल्या एका क्लबचा हॉल होता. भिंतीला लागून पियानो, मधे ड्रमसेट, बाजूला माणसाएवढं तारांचं वाद्य, डबल बास, घेतलेला एक टकला माणूस. अल्वारिस ठेंगणे, गळ्यात टाय, आवाज मऊ.

“कायतान, तू बाहेर बस,” त्यांनी डिमेलो सरांना सांगितलं. “तू असलास तर तो तुझ्याकडे बघून वाजवणार. बोटीवर तू नसशील.”

सर कुरकुरत समोरच्या इराण्याकडे चहा प्यायला गेले. अल्वारिसांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं शमूला.

“ही कोण? ही पण वाजवते?”

“छे, छे!” शमू हसला. “ताई आहे माझी. पप्पांनी सोबत पाठवलीय. काठ्या धरते फक्त. तिला काय, घड्याळासारखं चालू राहतं. डोकं लावायला लागत नाही त्याला.”

“बरं. तिला म्हणावं मध्ये थांबू नको.”

मी तिथेच उभी होते, चार हातांवर. दोघांपैकी कुणालाही ते माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही. शमू वाईट मुलगा नव्हता, आजही नाही. त्याने ते मला दुखवायला म्हटलं नाही. त्याला तसंच वाटत होतं, आणि तेच मला सोसेना. अडीच महिने माझ्याकडून शिकलेला मुलगा, आणि त्याला माझ्यात डोकं दिसलं नव्हतं. मला राग आला. संतापाने कानशिलं तापली. बाकी त्याला काही सुंदर नाव देण्यात अर्थ नाही.

अल्वारिसांनी नियम सांगितले. सगळ्यांनी मिळून वाजवायचं. मग त्यांनी हात वर केला की पियानो आणि बास थांबणार, ड्रमने एकट्याने हवं तितका वेळ खेळायचं, खाली क्लावे चालू. खेळून झालं की शमूने मान हलवायची आणि क्लावेच्या तीनाच्या बाजूला सगळ्यांनी परत शिरायचं. “कान क्लावेवर,” ते पियानोवाल्याला म्हणाले.

सुरू झालं, आणि शमू देखणा वाजवत होता. मी पाहिलं, अल्वारिसांच्या बुटाचं टोक हलायला लागलं. टकला बासवाला हसला. रिकाम्या जागी शमू श्वास घेत होता, मी शिकवल्याप्रमाणे. माझा श्वास घेऊन तो बोटीवर चालला होता.

हात वर गेला. पियानो थांबला, बास थांबला. शमू सुटला. छोटे ड्रम, मोठा ड्रम, झांजा, नुसता धुमाकूळ. त्या आवाजात माझ्या काठ्या मला स्वतःलाही ऐकू येत नव्हत्या. मला ते कळलं आणि माझ्या हातांनी ते केलं. हातांनी म्हणते, पण हात कुणाचे? मी तीन वाजवले. दोनाची पाळी आली. मी पुन्हा तीन वाजवले. मग दोन, मग तीन, जसं काही झालंच नाही. क्लावे फिरली होती.

आणि नेमकी तेव्हाच शमूने तिहाई घेतली. सरांनी हजारदा बजावूनही घेतली, पप्पांची, अस्सल आमच्या भजनातली. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा. मी मनात मोजत होते. ती बरोबर होती. आखूड नाही, लांब नाही. जन्मात पहिल्यांदा त्याची तिहाई सुरीसारखी नेमक्या जागी येऊन रुतली, तीनाच्या पहिल्या ठोक्यावर. त्याने आनंदाने मान हलवली.

तिथे माझं दोन चालू होतं. पहिली मात्रा रिकामी.

बासवाला मान बघून शिरला. पियानोवाला क्लावे ऐकून थबकला. शमूने क्लावे ऐकली, आणि त्याचा चेहरा मला दिसला. त्याला क्षणभरही शंका आली नाही की चूक माझी असेल. क्लावे म्हणते ते खरं. तो दचकला, अर्धं आवर्तन गिळून धावत क्लावेकडे आला, तेवढ्यात बासवालाही वळला, पियानो तिसरीकडेच. सगळ्याचा काला झाला. मी तेवढी एकटी शांतपणे वाजवत राहिले. मला मध्ये थांबू नको म्हणून सांगितलं होतं.

अल्वारिसांनी हात खाली केला.

“तिहाई,” ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात. “तुम्ही लोक असे येता, छान वाजवता, आणि मग ती तिहाई. क्लावेच्या उलट्या बाजूला आलास, बाळा. बोटीवर समोर माणसं नाचत असतात. त्यांचे पाय अडकतात.”

“सॉरी सर. परत एकदा...”

“दोन वाजता हैदराबादचा मुलगा येणार आहे.”

शमू बाहेर आला आणि इराण्याच्या पायरीवर बसला. डिमेलो सरांनी त्याच्याकडे बघितलं. मला हाताला धरून बाजूला घेतलं.

“तिहाई?”

“हो सर.”

“मग? आली नाय?”

मी काठ्या पिशवीत ठेवू लागले.

“आयक. त्याची तिहाई आता नीट यायला लागली होती, परवा मी मोजली होती. तू मला एक सांग. क्लावे कुठे होती? काठ्या घसरल्या असतील, घाम आला असेल, कुणाचंही होतं. तू फक्त हो म्हण. अल्वारिस माझा चाळीस वर्षांचा दोस्त आहे. मी आत्ता आत जातो आणि त्याला परत ऐकायला लावतो.”

एक शब्द. तेवढ्याने सगळं पूर्ववत झालं असतं. मला नुसतं हो म्हणायचं होतं, आणि तेही मुद्दाम केलं असं नाही, चुकून झालं असं. पायरीवर शमू गुडघ्यात डोकं घालून बसला होता. मला त्याची दया आली, खरंच आली. पण हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? तो बोटीवर गेला असता. आणि मी, जिला एकच गोष्ट धरायला दिली होती ती, तीही धड न धरता आलेली ताई म्हणून परत आले असते.

“क्लावे जागेवर होती, सर,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “तू कशाला चुकशील,” असं म्हणाले आणि चहाचे पैसे द्यायला गेले.

लोकांना फांदी मोडताना कावळा बसलेला दिसला, आणि कावळ्यावर आळ आला. परतीच्या गाडीत शमू एवढंच म्हणाला, “ताई, तू होतीस म्हणून निदान कुठं चुकलो ते तरी कळलं.” मी खिडकीतून नीरा नदी बघत होते.

सर दोन वर्षांनी गेले. मी लॅबमध्ये पुढे परीक्षा दिल्या, टेक्निशियन झाले, तिथूनच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही, लोक उगाच जोडतात. त्या दिवसानंतर मी ना काठ्या हातात घेतल्या, ना टाळ. शमूने तिहाईच्या नावाने कानाला खडा लावला. काही वर्षं वखारीत नोकरी केली, मग मिरजेतच ड्रमचा क्लास काढला. छोटा चालला, पण चालला. आणि दरवर्षी क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात तो ती गोष्ट सांगायचा. शमू सरांची गोष्ट. हातात आलेली बोट एका तिहाईच्या मोहापायी कशी गेली. “पोरांनो, समेचा हट्ट सोडा. माझ्या हाताने माझा घात केला.” पोरं तोंडाचा आ करून ऐकायची. पालक डोळे पुसायचे. मी पहिल्या रांगेत बसायचे.

पप्पा असेपर्यंत ते शेजारी असायचे. ही गोष्ट सुरू झाली की ते खाली बघायचे, कारण तिहाई त्यांची होती. भजनात ढोलकी त्यांनी शहाऐंशीतच बंद केली होती. “माझ्यामुळं पोराची बोट गेली,” हे ते मरेपर्यंत म्हणत राहिले. मी तेव्हाही बोलले नाही. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्या परीक्षेनंतर पंचविसाव्या वर्षी मात्र मला ते पेलवेना. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी शमूच्या घरी गेले. त्याची बायको वैजयंती कुकर लावत होती. तो ओट्यावर पेपर वाचत बसला होता.

“शमू, तुझी तिहाई बरोबर आली होती.”

“कुठली?”

“पुण्याची. अल्वारिसपुढची. बरोबर तीनावर आली होती. क्लावे मी फिरवली.”

त्याने पेपर खाली ठेवला. चष्मा काढला. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. हॉलमध्ये एकटी वाजवलं ते, सर काय म्हणाले ते, तो काय म्हणाला ते, मी दोनदा तीन वाजवले ते, सरांशी खोटं बोलले ते. सांगून झाल्यावर मी वाट बघत बसले. तो ओरडेल, घराबाहेर काढेल, हात उगारेल, मी कशालाही तयार होते. त्यातलं काहीही मला हवं होतं.

शमूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने माझा हात हातात घेतला.

“ताई,” तो म्हणाला, “किती गं वेडी तू.”

“अरे, खरं सांगतेय मी.”

“काल मी स्टेजवर जरा जास्तच रडलो, ते तुला बघवलं न्हाई. कळतंय मला. पण असलं काई तरी स्वतःच्या डोक्यावर घेऊ नको.”

“शमू, मी केलं. मुद्दाम केलं.”

“ऐक.” तो हसला आणि ओट्यावर बोटांनी टकटक करत समजावू लागला, क्लासमधल्या नव्या पोराला समजावतात तसं. “ही तीनाची बाजू. ही दोनाची. बरोबर? आता सोलो चालू असताना, एवढ्या गदारोळात, बरोबर जागा हेरून तीनावर तीन मारायचे, आणि पुढं एक मात्रा न ढळता चालू ठेवायचं, कुणाला पत्ता न लागता. हे करायला किती शिकलेला माणूस पाहिजे माहितीय? आज मला जमायचं न्हाई ते. आणि तू? तू काठ्या धरत होतीस, ताई.”

“मी वाजवून दाखवू?”

“आधी गुडघे बघ तुझे,” तो म्हणाला आणि आत हाक मारली, “वैजू, ऐकलंस का? ताई म्हणते माझी बोट तिनं बुडवली!”

वैजयंती पदराला हात पुसत बाहेर आली. सगळं ऐकल्यावर म्हणाली, “बाई गं, एवढा जीव कुठली बहीण लावते भावाला,” आणि मला जेवूनच जायला लावलं.

पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाला मी जाणार नव्हते. शमू स्वतः स्कूटर घेऊन न्यायला आला. पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवली होती. त्याने नेहमीची गोष्ट सांगितली, बोट, अल्वारिस, तिहाई. पण त्या वर्षी ती तिथे थांबली नाही.

“आणि या चुकीला पंचवीस वर्षं झाल्यावर,” तो माईकवर म्हणाला, “माझी बहीण माझ्याकडे आली आणि म्हणाली, शमू, चूक तुझी नव्हती, माझी होती. जिला यातलं काहीही येत नाही, ती माझं दुःख हलकं व्हावं म्हणून माझी चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला आली. पोरांनो, ठेका मी तुम्हाला शिकवीन. पण अशी माया कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. ताई, जरा उभी राहा.”

टाळ्या सुरू झाल्या. मागच्या रांगांतले लोक मान उंच करून बघायला लागले. एका बाईने डोळ्यांना पदर लावला. शमू स्टेजवरून हाताने वर, वर अशी खूण करत होता.

मी उठले, चारी दिशांना हात जोडले आणि खाली बसले.